अण्णा सोलमध्ये हरवले

माझे वडील साखर कारखान्याच्या बसवर ड्रायव्हर होते आणि आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. वडिलांना मी अण्णा म्हणायचे. आईला सगळं गाव बाई म्हणायचं, म्हणून अण्णाही तिला बाईच म्हणायचे. "बाई, चहा टाकता का?" असं नवऱ्यानं बायकोला विचारलेलं ऐकून नवखे पाहुणे चमकायचे, आम्हाला मात्र त्यात काही वेगळं वाटायचं नाही. आमचं घर तेव्हा राहात्यात होतं. घरासमोरच्या मोकळ्या जागेत कारखान्याची बस उभी असायची आणि माझ्या लहानपणातल्या सगळ्या सकाळी त्या बसच्या आवाजानं सुरू झाल्या. थंडीत ती पटकन चालू व्हायची नाही. अण्णा तिच्याशी बोलायचे, पुन्हा किल्ली फिरवायचे, मग एकदाचं इंजिन धरायचं आणि आमच्या खिडकीची तावदानं थरथरायची. घरात आईची वंदना चाललेली असायची. बुद्धाच्या छोट्या मूर्तीपुढे मेणबत्ती, उदबत्ती, तव्यावर बाजरीची भाकरी, आणि बाहेर बसची घरघर. आईचा पाठ आणि बसचं इंजिन असं दोन्ही मिळून मला एकच काहीतरी वाटायचं. आजही एखादं डिझेलचं जुनं इंजिन थंड सकाळी सुरू झालेलं ऐकलं की मला भाकरीचा वास येतो.

मी दहावीत असताना अण्णांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. दुखलं-खुपलं काहीच नव्हतं. एकदा वळणावर शेजारून आलेला मोटारसायकलवाला त्यांना दिसलाच नाही, गाडी घासून गेली, कुणाला लागलं नाही. पण अण्णा स्वतःच डॉक्टरांकडे गेले आणि तपासणी झाल्यावर स्वतःच बसची किल्ली परत देऊन आले. पुढे उपचारासाठी सारखं नगरला यावं लागे, माझं कॉलेजही तिथंच ठरलं, म्हणून आम्ही राहाता सोडून नगरला भाड्याच्या घरात आलो. (शहराचं नाव आता बदललं आहे. कागदावर मी नवं नाव लिहिते, तोंडात मात्र नगरच येतं.) औषधांनी नजर आहे तिथं थांबली, पण अण्णा बोलायचे थांबले. रागावले नव्हते, आजारी दिसत नव्हते. पहाटे सवयीनं उठायचे, अंघोळ करायचे, आणि गॅलरीत खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसायचे. जेवायला हाक मारली की यायचे. काय भाजी आहे हेसुद्धा विचारायचे नाहीत.

आईनं मग सगळं आपल्याकडे घेतलं. डोळ्यांत थेंब घालायच्या वेळा तिच्याकडे, दवाखान्याची फाईल तिच्याकडे, बँक तिच्याकडे. रस्ता ओलांडताना ती त्यांचा दंड धरायची. त्यांचं पाकीट एकदा रिक्षात राहिलं तेव्हापासून पाकीटही तिच्या पर्समध्ये. हे सगळं ती मायेनं करायची आणि अण्णा करू द्यायचे. मला तेव्हा वाटायचं, काय छान संसार आहे यांचा, भांडण म्हणून नाही.

आई निवृत्त झाली त्या वर्षी तिनं जेवताना जाहीर केलं, "आपण तिघं डिसेंबरात हाँगकाँग, सोल आणि टोकियोला जाणार आहोत. पुण्याच्या टूरवाल्यांकडे नावं घातली."

मी हातातला घास तसाच धरून बसले. आई आयुष्यभर चौथीच्या पोरांना जगाचा नकाशा शिकवत आली होती. छडीचं टोक ठेवून "हे बघा टोकियो, इथं सूर्य आपल्या आधी उगवतो" असं सांगताना मी तिला वर्गात बसून ऐकलं होतं. पण ती स्वतः महाराष्ट्राबाहेर एकदाच गेली होती, बोधगयेला.

अण्णा म्हणाले, "तुमी दोघी जा. मी काय बघनार तिकडं?"

"तुम्ही नसाल तर मीही जात नाही," आई म्हणाली आणि त्यांच्या ताटात आमटी वाढली. विषय तिथंच संपला. अण्णा येणार हे ठरलं, पण ते ठरवलं आईनं.

मग घरात दोन आठवडे नुसतं भाजणं-कुटणं चाललं. शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, बाजरीच्या कडक भाकऱ्या, धपाटे, लसणीचा ठेचा. आईची मैत्रीण नेवाशाहून गुळाच्या दशम्या घेऊन आली. बॅगा उघडल्या की कपड्यांआधी लसूण बाहेर यायचा. अण्णांसाठी आईनं मोची गल्लीतून जाड जाकीट आणि मरून रंगाची माकडटोपी आणली. ती टोपी घालून ते आरशासमोर उभे राहिले आणि मग त्यांनी ती काढून ठेवली.

हाँगकाँग मला आठवतं ते उंचीमुळे. मान मागे टाकली तरी इमारतीचं टोक सापडायचं नाही, आणि त्या इमारतींच्या खिडक्यांतून बांबूवर वाळत घातलेले कपडे बघून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. दुमजली ट्राम अरुंद रस्त्यातून घंटा वाजवत जायची. तळमजल्यावरच्या हॉटेलांत काचेमागे भाजलेली बदकं टांगलेली असायची आणि त्यांच्याखाली माणसं खाली मान घालून भुरके मारत शेवया खायची. मी अठरा वर्षांची होते, मला सगळं हवं होतं. आई अण्णांच्या शेजारी बसून अखंड सांगत होती. "अहो, डावीकडे बघा, समुद्र. आता उजवीकडे बघा, केवढा पूल." अण्णा सांगितलेल्या दिशेला मान वळवायचे आणि "हं" म्हणायचे. आमच्या टूरमध्ये बहुतेक पुण्याची आणि साताऱ्याची माणसं होती. त्यांतल्या एका काकूंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुझ्या वडिलांना अजिबातच दिसत नाही का गं?" मी "दिसतं" म्हणाले खरी, पण किती दिसतं आणि कसं दिसतं, हे मला सांगता आलं नाही. मला ते माहीतच नव्हतं.

सोलला उतरलो तेव्हा थंडी अशी होती की श्वास आत घेतला की नाकातले केस ताठ व्हायचे. रस्त्याच्या कडेला ढकलून ठेवलेला बर्फ मळून काळा झाला होता. आईला वाटलं होतं बर्फ पांढराच असतो, ती जरा हिरमुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा टूर मॅनेजर मंदार, पुण्याचा हसरा मुलगा, आम्हाला नामदेमुनच्या बाजारात घेऊन गेला. बसनं आम्हाला एका जुन्या दगडी वेशीपाशी सोडलं. चौफेर काचेच्या इमारती आणि मधोमध ही वेस, वर लाकडी माडी आणि उतरतं छप्पर. मंदारनं बाजाराचं नाव सांगितलं तेव्हा अण्णा कितीतरी दिवसांनी आपणहून बोलले. मला म्हणाले, "काय म्हनला? नामदेव मार्केट?" मी हसले. तेही किंचित हसले. मग टोपी खाली ओढून चालायला लागले.

बाजार म्हणजे गल्ल्यांतून फुटलेल्या गल्ल्या. लोकरीचे मोजे, चष्मे, वाळवलेले मासे, बाळांचे कपडे, वाफाळणारी पातेली. पातेल्यांपाशी बायका उभ्यानं गरम रस्सा पीत होत्या. एका दुकानात आई हातमोजे बघायला थांबली. राखाडी रंगाचा मोठा जोड तिनं उचलला आणि मागे न बघता म्हणाली, "अहो, हे घालून बघा बरं."

मागे कुणी नव्हतं.

आम्ही आधी घाबरलो नाही. मागच्या दुकानात असतील, टोपीवाल्यापाशी असतील. मी धावत वळणापर्यंत जाऊन आले, मंदार दुसऱ्या बाजूला गेला. मरून टोपी कुठंच दिसेना. टूरमधली बाकीची माणसं टूरच्या झेंड्याभोवती गोळा झाली आणि प्रत्येकजण अण्णांना शेवटचं कुठं पाहिलं ते वेगवेगळं सांगू लागला. मंदार म्हणाला, "काळजी करू नका काकू. प्रत्येकाला मी हॉटेलचं कार्ड दिलंय. कुणालाही दाखवलं तरी ते टॅक्सीत बसवून देतील."

आईनं पर्स उघडली. तिच्या हातात हॉटेलची तीन कार्डं आली. तीन पासपोर्ट. अण्णांचं पाकीट. त्यांचा फोन तर नगरलाच होता, परदेशात चालत नाही म्हणून आईनंच कपाटात ठेवला होता. ती दुकानासमोरच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसली.

"सगळं माझ्याजवळ आहे गं," ती म्हणाली. "त्यांच्याजवळ काहीच नाही."

आईला मी त्याआधी कधी तसं बसलेलं पाहिलं नव्हतं. वर्गात साप निघाला तेव्हा पोरांना ओळीनं बाहेर काढणारी बाई ती. हातमोजेवाल्या म्हातारीला आमची भाषा कळत नव्हती, पण काय झालंय ते तिला कळलं. तिनं शेजारच्या पातेल्यातला गरम रस्सा कागदी पेल्यात ओतून आईच्या हातात दिला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. आईनं तो पेला नुसता धरून ठेवला. बाजारात पर्यटकांना मदत करणारी लाल जाकिटातली एक मुलगी आली. मी तिला फोनमधला अण्णांचा फोटो दाखवला. ती फोनवर कुणाकुणाशी बोलत राहिली, पुन्हा पुन्हा वाकून माझी क्षमा मागत राहिली, जणू अण्णा तिच्या हातून सुटले होते. थंडी वाढत होती. मला एकच दिसत होतं, अण्णा कुठल्यातरी कोपऱ्यावर उभे आहेत आणि समोरच्या पाटीवरचं एक अक्षरही त्यांना ओळखीचं नाही.

शेवटी मंदारचा फोन वाजला. आमच्या बसचा ड्रायव्हर, पाक नावाचा गृहस्थ, बोलत होता. मंदारचा चेहरा आधी गोंधळला आणि मग सैल झाला. "सापडले," तो म्हणाला. "वेशीपलीकडे टूरच्या बसगाड्या उभ्या राहतात ना, तिथं आहेत. दुसऱ्याच एका बसमध्ये."

आम्ही जवळजवळ पळतच गेलो. रस्त्याकडेला पाच-सहा मोठ्या बसगाड्या एकामागे एक उभ्या होत्या. त्यातल्या एका निळ्या बसचं इंजिन चालू होतं आणि काचांवर वाफ धरली होती. दार उघडलं. पायरीवर पाय ठेवून मी आत पाहिलं, तर अण्णा ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ, टोपी काढून मांडीवर. शेजारी उभा असलेला त्या बसचा ड्रायव्हर, पन्नाशीचा, जाडसर, हातवारे करून त्यांना गिअर कसा पडतो ते दाखवत होता. पुढच्या फळीवर कॉफीचे दोन कागदी पेले आणि भाजलेल्या रताळ्याची सालं. अण्णा त्याला मराठीत विचारत होते, "आन घाटात? घाटात दम धरती का गाडी?" आणि तो गृहस्थ कोरियनमध्ये काहीतरी लांबलचक उत्तर देत होता.

अण्णांनी मला पाहिलं. "ये," ते म्हणाले. "बघ, हितं ड्रायवर डाव्या अंगाला बसतो. हात सगळे उलटे पडत्यात."

मला रडू आलं. आई पायरीच्या खालीच थांबली होती. मी म्हणाले, "अण्णा, तुम्ही गेलात कुठं?"

"मी कुटं गेल्तो? तुमीच वळलात. मी सरळ चाललो हुतो." मग त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवरच्या टोपीवर ठेवले. "मला समूरचं सगळं दिसतं गं. लांबचंबी दिसतं. कडंचं दिसत न्हाई. बोगद्यातून बघावं तसं. तू शेजारून वळलीस का माझ्यासाठी तू गेलीसच."

दोन वर्षं झाली होती त्या आजाराला. आमच्या घरात रोज थेंब घातले जात होते, तपासण्या होत होत्या, "नजर गेली" हा शब्द इतक्यांदा बोलला गेला होता. पण अण्णांना नेमकं काय दिसतं हे त्यांनी सांगितलं ते त्या दिवशी, सोलच्या रस्त्यावर, दुसऱ्याच्या बसमध्ये बसून.

बाकीची हकीकत त्यांनी तिथंच सांगितली. आपण चुकलो हे लक्षात आल्यावर ते जरा वेळ घाबरले. मग त्यांनी विचार केला, सकाळी गाडीनं जिथं सोडलं तिथं ड्रायव्हर लोक असणारच. "वेस केवढी मोठी, आपल्या नगरच्या दिल्ली दरवाज्यागत. मान वर केली का दिसती. तिच्या रोखानं चालत आलो. आपली गाडी न्हवती, पन गाड्या हुत्या. ह्याच्या दारावर टकटक केलं आन असं केलं." त्यांनी दोन्ही हातांनी हवेत मोठं चाक फिरवून दाखवलं आणि मग छातीवर हात ठेवला. मी ड्रायव्हर. तेवढ्यानं काम झालं होतं. त्या गृहस्थानं त्यांना आत घेतलं, गरम हवा सोडली, कॉफी केली, आपल्या डब्यातलं रताळं अर्धं दिलं आणि ओळखीच्या सगळ्या ड्रायव्हरांना फोन लावले, कुणाच्या गाडीतला एक हिंदुस्थानी माणूस कमी आहे का म्हणून. त्यातला एक फोन पाकसाहेबांना लागला.

त्या गृहस्थाचं आडनाव चोई होतं, हे मंदारनं विचारून सांगितलं. आई तोवर वर आली होती. तिनं चोईंना हात जोडले. मग पर्सच्या तळातून दशम्यांचा डबा काढून त्यांच्या हातात दिला. चोईंनी एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटून चावला आणि डबा सीटखाली जपून ठेवला. आई अण्णांकडे वळली. मला वाटलं आता ती रागावेल किंवा रडेल. ती म्हणाली, "हॉर्न वाजवून पाहिलात का?"

"न्हाई. दुसऱ्याची गाडी."

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत आम्ही तिघं पलंगावर बसून धपाटे खात होतो. खाऊन झाल्यावर आईनं हात धुतले, पर्स घेतली आणि अण्णांचा पासपोर्ट, पाकीट आणि हॉटेलचं कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं.

"हे तुमचं तुमच्याजवळ ठेवा," ती म्हणाली. "मी फार ओढून घेतलं सगळं."

"तसं न्हाई बाई," अण्णा म्हणाले. "मीच सोडून दिलं हुतं." त्यांनी एकेक वस्तू उचलून जाकिटाच्या आतल्या खिशात घातली आणि बटण लावलं. मी भिंतीकडे तोंड करून दात घासायला लागले. आईबाप आपल्यासमोर एकमेकांशी असं बोलतात तेव्हा अठरा वर्षांच्या मुलीनं कुठं बघावं हे मला समजेना. आता वाटतं, त्या दिवसापर्यंत मी त्या दोघांची मुलगी होते. तिथून पुढे मी त्यांना ओळखायला लागले.

टोकियोत अण्णा वेगळेच होते. म्हणजे फार बोलले असं नाही, पण विचारत होते. शिबुयाच्या त्या प्रसिद्ध चौकात चारही बाजूंनी माणसांचा लोंढा एकदम सुटतो. तिथं आई सवयीनं त्यांचा दंड धरायला गेली आणि थांबली. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. "तुमी माझ्या डाव्या अंगाला ऱ्हावा, ही उजवीला ऱ्हाईल," ते म्हणाले. "धरू नका. नुसतं कडंचं सांगा, समूरचं मी बघतो." तसे आम्ही तिघं तो चौक ओलांडून गेलो. आईला इतकी मजा वाटली की ती म्हणाली, पुन्हा एकदा जाऊ. आम्ही परत फिरून पुन्हा ओलांडला. असाकुसाच्या बौद्ध मंदिरात धुराच्या मोठ्या पात्राभोवती लोक हातांनी धूर अंगावर ओढून घेत होते. आमच्या विहारात असं काही नसतं, आईला ते जरा खटकलं. तरी तिनं एका बाजूला उभं राहून हलक्या आवाजात त्रिसरण म्हटलं. अण्णा तिच्या शेजारी हात जोडून उभे राहिले. राहात्यात ते त्या वेळी बाहेर बस सुरू करत असायचे. आईच्या वंदनेला त्यांना शेजारी उभं असलेलं मी प्रथमच पाहिलं.

नगरला परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात अण्णा चहा पिता पिता म्हणाले, "बाई, तुमी गाडी शिका."

आई हसली. "या वयात?"

"वयाचं काय करायचंय? पाय पोचत्यात का बघू."

कुणाचीतरी जुनी मारुती घरी आली. कॉलेजच्या मागच्या मैदानावर रोज सकाळी शिकवणी सुरू झाली. आईसारखी शिस्तीची विद्यार्थिनी मी पाहिली नाही आणि अण्णांसारखा शांत मास्तर पाहिला नाही. गाडी बंद पडली की आई स्वतःवर चिडायची. अण्णा म्हणायचे, "तिला दम घेऊ द्या. पुन्ना चालू करा." मलाही त्यांनीच शिकवलं. आज मी घाटात गाडी चालवताना मागे बसलेला माझा मुलगा म्हणतो, आई, तू इंजिनशी बोलतेस. मी बोलते हे मला माहीत नव्हतं. अण्णा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली.

उन्हाळा लागायच्या सुमारास आईला लायसन्स मिळालं आणि आम्ही अण्णांच्या गावी, नेवाशाजवळ, निघालो. गाडी आईच्या हातात, अण्णा तिच्या डाव्या हाताला, मी मागे. अण्णा सगळ्या रस्त्यानं फक्त समोरचं सांगत होते. "म्होरं खड्डा हाय. ट्रक लांब हाय, जाऊ द्या. आरसा तुमी बघा." बैल जुंपलेली उसाची टायरगाडी आडवी आली तेव्हा आईनं वेळेत ब्रेक मारला. प्रवरेच्या पुलावर आईनं काच खाली केली. गावात चुलत्यांच्या दारात गाडी थांबली, धूळ खाली बसली, आणि अण्णा आधी उतरले. ओट्यावरचा एक म्हातारा उठून उभा राहिला. अण्णांना गाडीतून उतरताना पाहून, कुठल्या बाजूनं ते न बघताच, त्याला आनंद झाला होता.

"आरं, तू पुन्ना गाडी चालवाया लागला व्हय?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. ते गाडीच्या पुढून वळसा घालून गेले आणि आईच्या बाजूचं दार त्यांनी स्वतः उघडलं. "बाईंनी आनली. मी नुसता समूर बघत हुतो."